शहामृगाचं काम

१

भिंतीवर खिळा होता, खिळ्याभोवती रंगाचा एक फिकट गोल होता, आणि घड्याळ नव्हतं.

मी ते न्यायलाच आले होते. आईचं बाकीचं सामान मुख्याध्यापकांनी खोक्यात भरून ठेवलं होतं. स्वेटर, चष्म्याचं जादा घर, कान तुटलेला कप. मला घड्याळ हवं होतं. ते मुळात बाबांचं. ताटलीएवढं, गोल, पितळी काठाचं, किल्लीवर चालणारं. घरात त्याला किल्ली देणं हे बाबांचं काम होतं. बाबा गेल्यावर आईने ते काम घरात कोणालाच दिलं नाही. घड्याळ उचललं आणि शाळेत, तिच्या तिसरीच्या वर्गात नेऊन टांगलं.

आता आईला जाऊनही महिना होत आला होता. तेव्हापासून मला एका जागी बसवत नसे. घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे, पुस्तक उघडायचे आणि उभ्या उभ्याच मिटायचे. मुख्याध्यापकांनी पुढे केलेल्या खुर्चीवर मी बसले आणि लगेच उठले.

"शुक्रवारपर्यंत होतं," ते म्हणाले. "बाईंच्या जागेवर ज्या नव्या बाई आल्यात, त्यांना त्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा. म्हणून शुक्रवारी शाळा सुटल्यावर मावशींनी ते उतरवून वर्गातल्या टेबलावर ठेवलं. सोमवारी माझ्या ऑफिसात आणायचं ठरलं होतं. मावशींनीच कुलूप लावलं, चावी त्यांच्याकडेच होती. सोमवारी नव्या बाई वर्गात आल्या तर टेबल रिकामं."

"शोधलंत?"

"कपाटं, खण, मावशींची पिशवीसुद्धा. आज गुरुवार. चार दिवस मी थांबलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसलेलाच होता. "आज शाळा सुटली की मी संस्थेला कळवणार. मावशींचं काम आजपुरतंच."

"माझी काही तक्रार नाही, सर."

"घड्याळ तुमचं आहे. कुलूप शाळेचं आहे. उद्या दुसरं काही गेलं तर मी कोणाकडे बघू?" मग जरा थांबून म्हणाले, "मला स्वतःला ते घड्याळ फार आवडायचं. बाईंकडे मागितलंही होतं एकदा."

हे त्यांनी मला का सांगावं, ते कळेना.

"शाळा सुटेपर्यंत मला वर्गात बसू द्या," मी म्हटलं.

"मुलं अस्वस्थ होतील."

"मीही आहे. चालेल."

त्यांनी चष्मा परत चढवला. "बसा. पण मुलांशी बाईंबद्दल बोलू नका. परीक्षा तोंडावर आलीय."

मला वाटलं, ते मला जपताहेत.

२

मावशी व्हरांडा पुसत होत्या. मी लहान असल्यापासून त्या मला ओळखत. तरी मला पाहून त्यांनी बादली उचलली आणि दोन पावलं पलीकडे नेऊन ठेवली.

"मावशी, सोमवारी तुम्ही वर्ग कधी उघडलात?"

"रोजच्या वेळेला."

"म्हणजे?"

"म्हणजे रोजच्या."

"तेव्हा टेबलावर घड्याळ होतं?"

"मी फरशीकडे बघते, टेबलाकडे नाही." फडका पिळताना त्यांनी तो गरजेपेक्षा जास्त पिळला. "तुझ्या आईने मला असले प्रश्न विचारले नसते."

"तिने काय विचारलं असतं?"

"चहा झाला का, असं."

रहस्यकथा मी आयुष्यभर वाचत आलेय. त्यातली माणसं खोटं बोलतात तेव्हा भरभरून बोलतात, तपशील देतात, वेळा सांगतात. मावशी तर तपशील द्यायलाच तयार नव्हत्या.

"तुमचं काम जाईल आज. सर गंभीर आहेत."

"ठाऊक आहे." त्यांनी कंबर सरळ केली. "नात पुढल्या वर्षी पहिलीत येणार होती इथे. माझ्याबरोबर यायची, माझ्याबरोबर घरी जायची, असं लेकीला सांगून ठेवलं होतं. आता ती बघेल काय ते."

"मग सांगा ना मला."

"काय सांगू? चावी माझ्याकडे होती. मी कुठे नाही म्हणतेय? लिहा म्हणावं तसं." आणि मग, फडका बादलीत सोडताना, त्यांची नजर क्षणभर वर्गाच्या दाराकडे गेली. आत मुलांचा कलकलाट चालला होता. त्यांनी नजर झटकन मागे घेतली.

माझी खात्री झाली की मावशींनी घड्याळ घेतलेलं नाही. तितकीच खात्री झाली की ते कोणी घेतलं हे त्यांना माहीत आहे, आणि काम गेलं तरी त्या नाव घेणार नाहीत.

३

नव्या बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट. मुलं चित्रं रंगवत होती, म्हणून आम्हाला टेबलापाशी हळू आवाजात बोलता आलं.

"तुम्हाला वाटत असेल, मीच लपवलं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला ते नकोच होतं, असं ऐकलं."

"नकोच होतं. दिवसभर कानाशी टिक टिक टिक. पण गंमत बघा, घड्याळ गेलं तरी माझ्या डोक्यातली टिकटिक चालूच आहे. टेबलाशी बसलं की सुरू. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, रजा घ्या. नवी नोकरी, रजा कुठली मागू?" त्या कसनुशा हसल्या.

"आणि ती कामांची फळी? ती दिसत नाही."

"ती मी काढली. खरं सांगू का, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या आईंची पद्धत चांगली असेल, पण मला नाही झेपली. प्रत्येक पोराला काम. एक खिडक्या उघडणार, एक फळा पुसणार, एक रोपांना पाणी घालणार, एक पेन्सिली तासणार. सोमवारी सगळ्यांची कामं बदलणार, मग अर्धा तास 'आता मी, आता मी'. मुलांनी शिकायचं की वर्ग चालवायचा? आल्या आल्या दुसऱ्या आठवड्यात मी सगळी कामं रद्द केली. आता कोणी कशाला हात लावत नाही."

मी खिडकीशी गेले. खिडकीत कुंड्या होत्या. बोट घालून पाहिलं. माती ओली होती. शेजारच्या डब्यातल्या पेन्सिलींना सुईसारखी टोकं होती. फळ्याखालच्या पट्टीवर खडूचा कणही नव्हता.

"रोपांना पाणी कोण घालतं?"

"मावशी घालत असतील," नव्या बाई म्हणाल्या आणि एका मुलाच्या आकाशाला हिरवा रंग का, हे बघायला गेल्या.

आईच्या कामांच्या फळीबद्दल मला सगळं ठाऊक होतं. रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे तोच विषय असायचा. लांब लाकडी फळी, तिला हूक, प्रत्येक हुकाखाली एका कामाचं चित्र. प्रत्येक मुलाची एक लाकडी चकती, तिच्यावर त्याने स्वतः निवडलेला प्राणी, दोघांचा प्राणी एक असता कामा नये. सोमवारी चकत्या एकेक हूक पुढे सरकायच्या. जुन्याने नव्याला काम शिकवल्याशिवाय ते सोपवायचं नाही. मूल गैरहजर असेल तर चकती उलटी टांगायची आणि त्याचं काम 'बदली'वाल्याने करायचं. बदली हेही एक काम होतं, सगळ्यात मानाचं, कारण बदलीवाल्याला सगळ्यांची कामं यावी लागत. कोणी शाळा सोडून गेलं, तर त्याची चकती काढून त्याच्या हातात द्यायची, घरी न्यायला.

फळीवर आईचीही चकती होती. तिच्यावर शहामृग. आईला चित्रं काढता येत नसत, तिचं शहामृग चपलेसारखं दिसायचं. आणि शहामृगाचं काम एकच, दर सोमवारी घड्याळाला किल्ली देणं.

फळी कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवली होती. मी वाकून पाहिलं. कपाटावर बोटभर धूळ होती, फळीवर अजिबात नव्हती. आईची चकती शेवटच्या हुकावर होती, उलटी. मी ती सुलटी करायला हात नेला आणि तसाच मागे घेतला.

चकतीमागे, त्याच हुकावर, घड्याळाची किल्ली लटकत होती. घासून चकाकणारी.

मी सरळ झाले तेव्हा सगळा वर्ग रंगवायचा थांबून माझ्याकडे बघत होता.

४

मी सगळ्यात मागे, भिंतीशी उभी राहिले. नव्या बाईंनी दिलेली छोटी खुर्ची तशीच राहिली.

माझ्यापाशी रहस्यकथांच्या हिशेबाने तीन माणसं होती. एकाला घड्याळ हवं होतं, एकीला नको होतं, आणि चावी एकीच्या हातात होती. पण किल्लीमुळे तिघांचंही गणित फिसकटत होतं. ज्याला घड्याळ हवंय तो ते किल्लीसकट नेईल. किल्लीविना आठवड्याने ते मुकं होणार. ज्याला ते नुसतं नाहीसं करायचंय, त्याला किल्लीचं काही नाही, पण मग ती हुकावर इतकी चकचकीत कशी? कोणीतरी ती अजूनही हाताळत होतं. आणि जिथे किल्ली राहते, तिथून घड्याळ फार लांब जात नाही.

वर्गात चुळबुळ वाढत होती. मधल्या सुट्टीची वेळ जवळ आली असावी. भिंतीवर घड्याळ नाही, नव्या बाईंचा फोन पर्समध्ये. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एक जाड चष्म्याचा मुलगा उठला. टेबलाच्या शेजारी एक मोठी लाकडी पेटी होती, हरवल्या-सापडल्या वस्तूंची. एकेकटे मोजे, रबरं, कोणाकोणाचे स्वेटर, झाकण हरवलेले डबे. मुलाने खिशातून एक मोजा काढला, पेटीचं झाकण उचललं, आत मोजा टाकला, स्वेटर जरा सारून आत पाहिलं, झाकण लावलं. जागेवर जाताना त्याने कानाची पाळी ओढली.

सगळ्या वर्गाने रंग बंद केले. कागद गोळा झाले, दप्तरांच्या चेन लागल्या, डबे मांडीवर आले.

आणि मग घंटा झाली.

नव्या बाई मला म्हणाल्या, "हे असंच करतात रोज. घंटेआधीच. कसं कळतं कोण जाणे."

"तुम्ही जरा चहा घेऊन येता का?" मी म्हटलं. "मी थांबते मुलांपाशी."

त्या आनंदाने गेल्या. मी पेटीपाशी गेले. एकही मूल डब्याला हात लावेना.

"थांबा," चष्मेवाला म्हणाला. "ती पेटी फक्त पेटीवाल्यानेच उघडायची असते."

"नियम माहीत आहे मला. पेटीवाला कोण आहे या आठवड्यात?"

त्याने चष्मा नाकावर सरकवला. कामं तर रद्द झाली होती, त्यामुळे पेटीवाला असायलाच नको होता.

"तुझा प्राणी कुठला?"

"घुबड," तो पुटपुटला.

"मग घुबडा, उघड बाबा पेटी. मी काही नेणार नाही. नुसतं ऐकायचंय."

त्याने मागे वळून एका मुलीकडे पाहिलं. सगळा वर्गच तिच्याकडे बघू लागला. दोन वेण्यांची, बारीक चणीची, ओठ घट्ट मिटलेली मुलगी. तिने मान हलवली. घुबडाने झाकण उचललं आणि स्वेटरच्या ढिगाखालून आवाज आला, बाबांच्या खोलीतून यायचा तोच.

हरवलेली वस्तू हरवल्या-सापडल्याच्या पेटीत शोधायचं कोणाला सुचलं नव्हतं.

५

"बदलीवर तू आहेस ना?" मी त्या मुलीला विचारलं. "प्राणी?"

"मुंगी."

"बदलीवर कधीपासून?"

"बाई यायच्या बंद झाल्या तेव्हापासून. बदली बदललीच नाही. बाईंची चकती उलटी आहे ना." तिने भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "मी स्टुलावर चढून किल्ली द्यायचे. मावशी आम्हाला सकाळी लवकर आत घेतात, बाकीच्यांची कामं पण तेव्हाच होतात. तुम्ही मावशींचं नाव सांगू नका. त्यांना रागवतील."

"मावशींनी घड्याळाचं पाहिलं?"

"पाहिलं. काहीच बोलल्या नाहीत. घड्याळ ऑफिसात जाणार होतं. तिथे किल्ली कोण देणार? सरांना तर बदली माहीतच नाही." हे सांगताना तिला सरांची जरा कीवच आली. "गैरहजर माणसाचं काम थांबलं तर तो परत आल्यावर त्याला वाईट वाटतं. बाई म्हणायच्या. म्हणून सोमवारी सकाळी आम्ही ते पेटीत ठेवलं. आम्ही चोरलं नाही, ताई. ते वर्गातच आहे. बाई आल्या की परत टांगणार होतो."

"बाई आल्या की," मी म्हटलं. आवाज माझाच होता.

"बाई कधी येणारेत?" घुबडाने विचारलं. "सर म्हणतात, रजा मोठी आहे."

मला ती उलटी चकती आठवली. मग सरांचं 'बाईंबद्दल बोलू नका'. चकती काढून घरी द्यायला हवी होती. ती तशीच टांगलेली होती, कारण या खोलीत माझी आई गेलीच नव्हती. ती गैरहजर होती.

मी महिनाभर कोणाला सांगितलं नव्हतं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं, ते दारात येऊन मान खाली घालायचे, मला म्हणावं लागलं नव्हतं. आता एवढी डोकी माझ्याकडे बघत होती. मी दारातून धावत सुटू शकले असते, पायांना तेच हवं होतं. पण मुंगीने मघाची ती छोटी खुर्ची माझ्यापुढे आणून ठेवली होती. मी तिच्यावर बसले. गुडघे हनुवटीशी आले. कोणी हसलं नाही.

"बाई येणार नाहीत," मी म्हटलं. "माझी आई वारली. तिचं हृदय बंद पडलं. रजा नाहीये ती."

पेटीत घड्याळ चालत होतं. कोणीतरी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. मागच्या बाकावर एक मुलगा रडू लागला, मग आणखी दोघं. मुंगी रडली नाही. ती कपाटामागे गेली आणि उलटी चकती घेऊन आली.

"मग ही तुम्हाला द्यायची," ती म्हणाली. "घरी न्यायला."

मी ती घेतली. शहामृग खरंच चपलेसारखं होतं.

मान वर केली तेव्हा दारात मुख्याध्यापक उभे होते, त्यांच्यामागे बादली घेऊन मावशी. कधीपासून, कोण जाणे.

"घड्याळ खोलीबाहेर गेलंच नव्हतं, सर," मी म्हटलं. "टेबलावरून शेजारच्या पेटीत गेलं होतं, इतकंच. कुलपातून काही गेलेलं नाही. तुम्हाला संस्थेला कळवण्यासारखं काही उरलंय का?"

त्यांनी आधी मुलांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चकतीकडे. "मी परीक्षेनंतर सांगणार होतो त्यांना," ते म्हणाले. "पालकांचंही तेच म्हणणं पडलं." मुलांना सकाळी वर्गात कोणी घेतलं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "मावशी, ऑफिसातलं स्टूल आणा."

मावशी माझ्या जवळून जाताना थांबल्या. "चहा झाला का गं?"

"नाही झाला."

"आणते."

घड्याळ परत खिळ्यावर गेलं. नव्या बाई चहाचा कप हातात धरून दारातच थबकल्या होत्या. बराच वेळ कान देऊन ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे हे डोक्यात नव्हतं," आणि हातातलं गोळ्यांचं पाकीट त्यांनी पर्समध्ये टाकलं.

मुंगी मात्र अजून किल्ली मुठीत धरून उभी होती.

"आता हे काम कोणाचं?" तिने विचारलं. "बाई गैरहजर नाहीत. म्हणजे बदली नाही चालणार."

तिने सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"मला येत नाही किल्ली द्यायला," मी म्हटलं. "आमच्या घरी हे काम बाबांचं होतं. मग आई इथे घेऊन आली."

"मग शिकवते. शिकवल्याशिवाय सोपवायचं नाही." ती स्टुलावर चढली, मी तिच्या शेजारी जमिनीवर. उंची बरोबरीची झाली. तिने माझा हात धरून किल्ली भोकात बसवली. "हळू. मोजायचं नाही, हाताला कळतं. अडली की थांबायचं. जोर केला तर आतलं काहीतरी तुटतं."

किल्ली फिरली. अडली. मी थांबले.

"आता हे घरी नेणार?" घुबडाने खालून विचारलं.

मी ते न्यायला आले होते. "नाही," मी म्हटलं. "दर सोमवारी मी इथे येईन. नव्या बाईंना चालत असेल तर."

नव्या बाई खांदे उडवून म्हणाल्या, "आता काय, सवय झालीय."

घुबडाने कपाटातून एक कोरी चकती आणि स्केचपेन आणलं. मी परत त्या छोट्या खुर्चीत बसले आणि चकतीवर लांब मान काढली, दोन पाय काढले. घुबड माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतं.

"चप्पल आहे का?"

"शहामृग."

"ते बाईंचं होतं," मुंगी म्हणाली. "दोघांचा एक प्राणी चालत नाही. तुम्ही तुमचा काढा."

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी उठले नाही. घुबडाकडे दुसरी कोरी चकती मागितली आणि कोणता प्राणी काढायचा, त्याचा विचार करत बसले.